सॉलिड एक्सलच्या गाडीला स्टेअरिंगचं सामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे. पोटापाण्याचं काम पंपाच्या शाफ्टचं. पण खानापूर, निपाणी, संकेश्वर, चंदगडकडची जीपवाली पोरं टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) खांद्यावर टाकून येतात आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. फोनवर एकेकाला अर्धा तास सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढलं. पुढे जे आहे ते पुढच्या चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन काढून त्याजागी अखंड म्हणजे सॉलिड एक्सल घालणाऱ्यांसाठी. जुन्या जीपवाल्यांनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

एक्सल ठरला. आता स्टेअरिंगचं कुठलं सामान आधी घेऊ?

आधी काहीच घेऊ नका. लोक पिशवीभर सामान घेऊन येतात, जुन्या बाजारातून उचललेला ड्रॉप आर्म (स्टेअरिंग बॉक्सला लागणारा झुलता दांडा), कुणाच्या तरी पिकअपचा स्टेअरिंग बॉक्स, दोन टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचे बॉल जॉइंट), आणि म्हणतात, "मामा, हे बसवून द्या की." हे म्हणजे मुलगी बघायच्या आधी मांडव घातल्यासारखं झालं.

एक्सल गाडीखाली जाऊ दे. पाटे (लीफ स्प्रिंग), यू-बोल्ट, शॅकल (पाट्याचं एक टोक चेसिसला झुलतं धरणाऱ्या पट्ट्या) कायमचे बसू देत. जे टायर वापरणार तेच चढवा. इंजिन, बंपर, विंच असेल तर तोही, सगळं वजन जागेवर पाहिजे. गाडी सपाट फरशीवर उभी करा, दोनदा पुढेमागे ढकला म्हणजे पाटे बसतात. मग ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा: नकलवरच्या (नकल म्हणजे चाक धरून वळणारा भाग) आर्मचं भोक कुठे येतं, चेसिसचा बाहेरचा काठ कुठे, पाट्याचा वरचा पृष्ठभाग किती उंचीवर. एक्सल वर ढकलला गेला की इंजिनचा सम्प (खालची तेलाची टाकी) आणि एक्सलमध्ये किती जागा उरते तेही मोजा. टाय रॉडचा जीव तिथेच अडकतो.

या मापांवरून बॉक्सची जागा ठरते, बॉक्सवरून ड्रॉप आर्म, त्यावरून ड्रॅग लिंकची (ड्रॉप आर्मपासून नकलपर्यंतच्या दांड्याची) लांबी. खरेदीचा क्रमही हाच.

आहे तो रॅक (दातेरी दांड्याचं स्टेअरिंग) ठेवता येणार नाही का? चांगला पॉवरचा आहे.

नाही. 2010 ते 2020 मधली महिंद्राची थार सीआरडीई घ्या किंवा तसलाच एखादा पिकअप. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीचं स्टेअरिंग प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर वरखाली होणार हे धरून बनवलेलं असतं. रॅक चेसिसला घट्ट, आणि दोन्ही टोकांना आखूड टाय रॉड. सॉलिड एक्सलमध्ये दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात. चेसिसवरून दोन स्वतंत्र रॉड सोडले तर प्रत्येक खड्ड्याला चाकांची तोंडं आत-बाहेर होतील. चाकाला चाक जोडणारा एक अखंड टाय रॉड हवा आणि चेसिसवरून त्याला हलवणारी एकच ड्रॅग लिंक हवी. म्हणजे स्टेअरिंग बॉक्स आलाच.

मग बॉक्स कुठला?

इथे घाई करू नका, कारण बाकी सगळं यावर टांगलेलं असतं. कंपनीचं नाव बाजूला ठेवून मी चार गोष्टी बघतो.

पहिली, आर्म कुठल्या दिशेला झुलतो. काही बॉक्सचा ड्रॉप आर्म पुढे-मागे झुलतो, काहींचा डावीकडे-उजवीकडे. पाट्याच्या गाडीत पाटा दबला की तो लांब होतो आणि एक्सल थोडा पुढे किंवा मागे सरकतो. पुढेमागे ढकलणाऱ्या लिंकला ते सरकणं थेट स्टेअरिंगमध्ये जाणवतं. आडव्या लिंकला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. म्हणून आपल्या उजव्या स्टेअरिंगच्या गाडीत बॉक्स उजव्या चेसिसवर आणि ड्रॅग लिंक आडवी, डाव्या नकलपर्यंत, हीच मांडणी मी सुचवतो.

दुसरी, चाकं कुठे वळतात. हसू नका. परदेशातली चित्रं बघून लोक बॉक्स बसवतात आणि ती चित्रं डाव्या स्टेअरिंगच्या गाडीची असतात. शिवाय नकलवरचा आर्म एक्सलच्या पुढे आहे की मागे, यावरून दिशा उलटते. एका गाडीचं सगळं वेल्डिंग झाल्यावर कळलं की स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की चाकं डावीकडे जातात. गाडीभोवती उभे होतो आम्ही सात जण, आणि मिनिटभर कुणीच बोललं नाही. बॉक्स नुसता क्लॅम्पने धरून, लिंकच्या जागी लाकडी पट्टी लावून हाताने एकदा फिरवून बघितला असता तर दोन दिवसांचं काम वाचलं असतं.

तिसरी, सेक्टर शाफ्टचे दाते. ड्रॉप आर्म ज्यावर बसतो त्या दात्यांची संख्या आणि व्यास जुळायला हवा. काही आर्मना मास्टर दाते (बाकीच्यांपेक्षा वेगळे) असतात आणि ते ठरावीक जागीच बसतात. आर्मसकट बॉक्स मिळाला तर दोन पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

चौथी, झीज. बॉक्स वाइसमध्ये धरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरे मोजा, निम्म्यावर आणा. हा त्याचा मध्य. मध्यावर आर्म हलवून प्ले (ढिलेपणा) बघा. मध्यावर प्ले आणि टोकाला घट्ट असेल तर नेहमीची झीज आहे, वरच्या स्क्रूने थोडी घेता येते. स्क्रू आवळून मध्यावर बॉक्स जड लागायला लागला तर तो बॉक्स परत द्या. जुन्या जीपच्या मॅन्युअल बॉक्समध्ये हे फार दिसतं. स्क्रू आवळलेला बॉक्स वळणातून स्वतःहून सरळ येत नाही आणि चोर्ला घाटाच्या वळणांवर ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

बॉक्स चेसिसला नुसते बोल्ट मारून चालेल का?

चेसिसची पट्टी पातळ आणि आतून पोकळ. बोल्ट आवळला की ती दबते, मग बोल्ट ढिला पडतो, मग भोक लांबट होतं, मग तडा जातो. भोकातून आरपार जाड नळी घालून ती दोन्ही बाजूंनी वेल्ड करा, म्हणजे बोल्टचा ताण नळीवर येतो. बाहेरून 6 मिमीची पट्टी, आणि पट्टीचे कोपरे गोल. चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. बॉक्सच्या समोरच्या चेसिसपर्यंत एखादा आडवा पाइप टाकता आला तर उत्तमच. बोल्ट 10.9 ग्रेडचे. डोक्यावर आकडा नसलेला बोल्ट स्टेअरिंगला नको.

ड्रॉप आर्म गरम करून वाकवला तर? गॅरेजवाला म्हणतो नेहमी करतो.

नाही. नाही. आणि नाही.

ड्रॉप आर्म फोर्जिंगचा (तापवून ठोकून घडवलेला) असतो आणि त्यावर उष्णतेची प्रक्रिया करून त्याला ताकद आणि चिवटपणा दिलेला असतो. गॅसने तो लाल केला की प्रक्रिया गेली. वर पाणी ओतलं तर तो काचेसारखा ठिसूळ होतो, तसाच थंड केला तर मऊ पडतो. वाकवलेला आर्म दिसायला अगदी छान दिसतो, हीच त्यातली खोड.

माझ्या स्वतःच्या जीपला असा आर्म होता. तेव्हा मी हे काम शिकत होतो. एका गॅरेजात माझ्या डोळ्यांसमोर तो तापवला, घणाने वाकवला, वर काळा रंग मारला. रामनगरकडून येताना एका ओढ्यात, चाक दगडात अडकलेलं असताना, कट्ट असा आवाज आला आणि स्टेअरिंग हलकं झालं. गाडी जागेवर होती म्हणून आज लिहितोय. घरी येऊन तुकडा बघितला. तुटलेल्या तोंडावर दाणेदार चकाकी होती, कुठेही ताणल्याची खूण नाही. ठिसूळ तुटीची ही ओळख. तो तुकडा आजही दुकानात खिळ्याला टांगलेला आहे आणि "एवढंच थोडं वाकवून द्या" म्हणणाऱ्याच्या हातात आधी तो देतो.

आर्मची उंची कमी-जास्त हवी असेल तर तसा आर्म शोधा किंवा ड्रॅग लिंकचं दुसरं टोक वर घ्या. नकल, ड्रॉप आर्म, टाय रॉड एंड, या तिघांना वेल्डिंगची कांडी लागता कामा नये.

आर्म लांब घेतला तर स्टेअरिंग चपळ होतं म्हणतात. खरं का?

खरं, पण फुकट नाही. 150 मिमीच्या जागी 175 मिमीचा आर्म लावला तर तेवढ्याच फेऱ्यात लिंक सुमारे 17 टक्के जास्त सरकते, आणि टोकाला मिळणारा जोर सुमारे 14 टक्के कमी होतो. मॅन्युअल बॉक्सला मोठ्या टायरबरोबर हे करू नका, खांदे भरून येतील.

गाडी खड्ड्यात गेली की स्टेअरिंग आपोआप फिरतं. अलाइनमेंट दोनदा केली, फरक नाही.

अलाइनमेंटचा दोष नाही, ड्रॅग लिंकच्या उताराचा आहे. याला बंप स्टिअर म्हणतात आणि उंच केलेल्या गाड्यांपैकी निम्म्या यानेच आजारी असतात.

गणित मांडून दाखवतो. ड्रॅग लिंक 900 मिमी लांब आहे आणि गाडी उंच केल्यामुळे ती 10 अंश तिरकी झाली आहे. एक्सल 50 मिमी वर आला. लिंकची लांबी तर बदलत नाही, मग तिची आडवी पोच सुमारे साडेसात मिमीने वाढते. नकलचा आर्म 150 मिमीचा असेल तर चाक जवळजवळ पावणेतीन अंश फिरलं, आणि 16 ला 1 च्या (स्टेअरिंगचे 16 अंश, तेव्हा आर्मचा 1) बॉक्सवर हेच स्टेअरिंगच्या चाकावर जवळपास 45 अंश. तुम्ही काही केलेलं नाही, नुसता खड्डा आला. आता तीच लिंक उभ्या गाडीत सपाट असेल तर त्याच 50 मिमीला फरक जेमतेम दीड मिमीचा, चाक अर्धा अंशच फिरतं. हाताला कळतही नाही.

म्हणून गाडी आपल्या वजनावर उभी असताना ड्रॅग लिंक जमिनीला समांतर हवी. फरशीपासून दोन्ही टोकांची उंची टेपने मोजा, डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका.

पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग असेल तर एक्सल आडवा धरायला पॅनहार्ड रॉड असतो आणि नियम बदलतो. तिथे ड्रॅग लिंक पॅनहार्डला समांतर आणि लांबीला शक्य तितकी जवळची हवी, म्हणजे दोन्ही टोकं एकाच कमानीत फिरतात. 2023 मध्ये आलेली मारुतीची जिम्नी कुणाकडे असेल तर तिच्या पुढच्या एक्सलखाली वाकून दोन्ही रॉड बघा. दहा मिनिटांत समजेल.

लिंक सपाट करायला काय करायचं?

दोन रस्ते. खाली जास्त उतरणारा ड्रॉप आर्म, हा स्वस्त पण लिंक खाली येते आणि दगडाला लागते. दुसरा, नकलच्या डोक्यावर वरून बसणारे आर्म, ज्याला सगळे हाय स्टिअर म्हणतात. लिंक आणि टाय रॉड दोन्ही पाट्यांच्या वर जातात. जांबोटी-कणकुंबी भागात जांभ्या दगडाचे टोक वर आलेले रस्ते आहेत, तिथे टाय रॉड एक्सलच्या खाली लोंबकळत असेल तर दुसऱ्या फेरीत वाकणारच. माझं मत हाय स्टिअरच्या बाजूने, पण ते नीट केलेलं असेल तरच.

नीट म्हणजे काय? नकलचा माथा मिलिंगवर सपाट केलेला. आर्मचे स्टड चांगल्या पोलादाचे आणि जोर स्टडवर न येता डॉवेल पिनवर (भोकात घट्ट बसणाऱ्या पिनवर) येईल असे. किंग पिनच्या (नकल जिच्यावर वळतो त्या पिनच्या) बेअरिंगचा ताण पुन्हा सेट केलेला, कारण आर्म बदलला की शिम (पातळ चकत्या) बदलतात. आणि वर जाणारा टाय रॉड एक्सल पूर्ण वर आल्यावर इंजिनच्या सम्पला लागत नाही याची खात्री.

बेळगावात एवढ्या फाउंड्री आहेत. हे आर्म ओतून घेतले तर?

हा प्रश्न बेळगावातच येणार! साधं करडं बीड असेल तर अजिबात नको. ते दाबाला चांगलं, ताणाला आणि धक्क्याला वाईट. पंपाच्या केसिंगला ठीक, स्टेअरिंगच्या आर्मला नाही. एसजी बिडाचे (चिवट जातीच्या बिडाचे) नकल कंपन्या बनवतात हे खरं, पण त्यांच्याकडे प्रत्येक ओतीची तपासणी असते. एक-दोन नग ओतून घेतले तर आत पोकळी आहे की नाही हे कोण बघणार? आम्ही असे आर्म ईएन 19 किंवा ईएन 24 पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून मिलिंग करतो. वेळ लागतो, चिपा फार निघतात, पण रात्री झोप लागते.

टाय रॉडला कुठला पाइप?

पाण्याचा जीआय पाइप नको. हे लिहावं लागतं, कारण आलेत तसे लोक. शिवण असलेला कुठलाच नको. कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनशिवणीचा) मागा.

नवं करताना मी बाहेरून 32 मिमी, 8 मिमी जाडीचा धरतो. आतलं भोक 16 मिमी, ते साडेसोळा केलं की एम 18 × 1.5 चे आटे पडतात आणि आट्यांबाहेर 7 मिमी जाडी उरते. पुष्कळ जण 25 मिमीचा भरीव दांडा आणतात आणि भरीव म्हणजे मजबूत असं समजतात. वाकण्याला विरोध हा व्यासाच्या चौथ्या घातावर जातो: हा पाइप त्या दांड्याच्या अडीच पट ताठ आहे आणि वजनाला चौथ्या हिश्श्याइतकाही जास्त नाही.

एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला उलटे, म्हणजे रॉड जागेवर फिरवून टो (चाकांची तोंडं किती आत-बाहेर) सेट करता येतो. आट्यांची पकड व्यासाच्या दीडपट तरी हवी, म्हणजे एम 18 ला 27 मिमी. टाय रॉड एंड आत किती गेला हे बाहेरून दिसत नाही, म्हणून बसवताना त्याच्या दांडीवर मार्करने खूण करा.

टाय रॉड एंड की रोझ जॉइंट?

रोझ जॉइंट म्हणजे धातूचा उघडा बॉल जॉइंट. दिसायला देखणा, रेसच्या गाडीसारखा. त्याला धुळीचं रबर नसतं. आपल्याकडची तांबडी माती पावसाळ्यात लोण्यासारखी आत जाते आणि उन्हाळ्यात सँडपेपरसारखी घासते. शिवाय तो एका बाजूने धरलेल्या बोल्टवर लोंबकळला तर बोल्ट वाकतो, दोन्ही बाजूंनी कान हवेत. रस्त्यावर एक किलोमीटर जरी चालणार असेल तरी टाय रॉड एंडच घ्या. रबर बूट फाटलेला दिसला की एंड बदला, ग्रीस भरून पुढे ढकलू नका.

एंड भोकात बसतो, पण थोडा हलतो. वॉशर टाकू का?

नको. टेपर (शंकूचा उतार) जुळत नाहीये. बऱ्याच टाय रॉड एंडचा टेपर 1 ला 8 असतो, म्हणजे 8 मिमी लांबीत व्यास 1 मिमीने कमी. पण सगळ्यांचा तोच नसतो आणि मोठं टोक किती मिमीचं हेही वेगवेगळं. वर्निअरने दोन जागी माप घ्या. मग एंडच्या शंकूला निळी शाई पातळ लावा, हाताने दाबून थोडं फिरवा, काढून बघा. भोकात निळा रंग सगळीकडे एकसारखा लागला पाहिजे. नुसता वरच्या किंवा खालच्या कडेलाच लागला तर तो एंड तिथे डुलणार आणि भोक खाणार.

आर्म नवीन असेल तर टेपर रीमर मारून देतो. जुन्या आर्मचं भोक खाल्लेलं असेल तर आर्म बदला.

नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे घ्या, मागे कधीच नाही. आणि पिनच घाला. शेतातल्या गाड्यांना तिथे कुंपणाची तार गुंडाळलेली बघितली आहे, एकीला तर उदबत्तीची काडी होती.

टाय रॉड एक्सलच्या मागून पुढे आणला तर काही बिघडतं का?

वळणातली चाकांची तोंडं बिघडतात. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. रॉड मागे असतो तेव्हा त्याची टोकं किंग पिनच्या आतल्या बाजूला असतात, पुढे आणल्यावर ती बाहेरच्या बाजूला हवीत, आणि तिथे रिम असतो. दोरी घेऊन रॉडचं टोक आणि किंग पिन या दोन्हींवरून मागे ताणा. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या मागच्या एक्सलच्या मध्याजवळ भेटल्या पाहिजेत. अगदी नाही भेटल्या तरी चिखलात चालतं, डांबरावर टायर कुरकुरतात.

60 च्या पुढे पुढची चाकं थाडथाड नाचायला लागतात. स्टेअरिंग डँपर घालू?

डँपर (स्टेअरिंगचा शॉक ॲब्सॉर्बर) घातला की नाच थांबतो आणि दुखणं आत राहतं. तापाला गोळी दिल्यासारखं. आधी हे करा: इंजिन चालू, चाकं जमिनीवर, एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. दोन तुकड्यांच्या मधल्या फटीवर बोट ठेवलं की डोळ्याला न दिसणारा प्लेही समजतो. ड्रॉप आर्मपासून सुरू करा, दोन्ही लिंक, किंग पिन, व्हील बेअरिंग, पाट्याचे बुश, असेल तर पॅनहार्डचे बुश. मग टायर बॅलन्सिंग. मग टो-इन (चाकांची तोंडं पुढून आत), साधारण 2 ते 3 मिमी. हे सगळं निर्दोष निघालं तर कॅस्टर (किंग पिनचा वरून मागे झुकलेला कोन) बघा. डँपर सगळ्यात शेवटी.

कॅस्टर कमी झाला हे कसं कळतं?

गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, वळणानंतर स्टेअरिंग हाताने परत आणावं लागतं. पाट्याच्या सॉलिड एक्सलला 4 ते 6 अंश असला की बरं वाटतं. महिंद्राच्या एमएम 540 सारख्या जीपला पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. उंची वाढवायला तो लांब केला की एक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर घटतो. पाटा आणि एक्सलच्या मध्ये पोलादी पाचर घालून तो परत आणता येतो. ॲल्युमिनियमची पाचर चेपते, फुटते, ती नको. पण पाचर घातली की डिफरन्शिअलचं तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. दोन-तीन अंशांच्या पुढे हवं असेल तर एक्सलच्या नळीच्या टोकाला वेल्ड केलेले, नकल धरणारे भाग (नकल नव्हे) कापून फिरवावे लागतात. ते काम जिग (तुकडे नेमक्या कोनात धरणारा साचा) असलेल्याकडूनच.

कॉलमपासून बॉक्सपर्यंतचा शाफ्ट?

एका क्रॉस जॉइंटचा कोन 30 अंशांच्या आत ठेवा. तेवढ्यात पोचत नसेल तर दोन जॉइंट आणि मध्ये आधाराचं बेअरिंग. दोन जॉइंटचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर फिरवताना जड-हलकं-जड लागतं. आणि टक्कर झाली की दबणारा कॉलम काढून अखंड सळई टाकू नका, ती सरळ छातीकडे येते.

पॉवर पंप कुठलाही चालतो का?

पंप आणि बॉक्स एकाच गाडीचे असले तर उत्तम. दाब जास्त असेल तर बॉक्सची सील जाते, प्रवाह कमी असेल तर पटकन फिरवताना स्टेअरिंग अडकतं. प्रेशरची होज क्रिम्प केलेलीच (टोकं यंत्राने दाबून बसवलेली) हवी, क्लिपवाली नको, आणि सायलेन्सरपासून लांब. नकलवरचे स्टॉप बोल्ट असे लावा की बॉक्स आतून टोकाला जायच्या आधी चाक स्टॉपला टेकेल. पूर्ण लॉकला धरून ठेवलं की पंप तापतो. एक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना पूर्ण लॉक मारून ब्रेकच्या होजही बघून घ्या, ताणल्या जातात.

स्टेअरिंगचं चाक वाकडं राहिलंय. काढून फिरवून बसवू?

नको. ड्रॅग लिंकची लांबी बदला. बॉक्स मध्यावर आणि चाकं सरळ, हे दोन्ही एकाच वेळी व्हायला हवं. चाक काढून बसवलं तर दिसायला सरळ, आत बॉक्स मध्यावर नाही, आणि सरळ रस्त्यावर प्ले.

आरटीओचं काय? आमची गाडी एमएच-09 ची (कोल्हापूरची) आहे, चालेल ना?

राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा टोल ओलांडला म्हणून कायदा बदलत नाही. मोटार वाहन कायदा 1988 केंद्राचा आहे. त्याचं कलम 52 मूळ नोंदणीशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारे बदल मान्य नाहीत असंच सांगितलं. कलम 182अ खाली अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. केए-22 (बेळगाव) असो, केए-23 (चिकोडी) असो की एमएच-09, सगळ्यांना सारखंच. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण आयतं मिळतं.

म्हणून सरळ सांगतो. एक्सल बदललेली गाडी शेतात, खासगी जागेत, ट्रेलरवरून नेऊन स्पर्धेत चालवा. मुळातच सॉलिड एक्सल असलेल्या जुन्या जीप आणि जिप्सीवाल्यांना झिजलेल्या सामानाच्या जागी त्याच मापाचं सामान घालायला काहीच अडचण नाही, आणि रस्त्यावरच फिरायचं असेल तर तशीच गाडी घ्या असं मी सांगतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

सामान इथे मिळतं का, की कोल्हापूरला जावं लागतं?

टाय रॉड एंड, बेअरिंग, किंग पिनचं किट ऑटोनगरात मिळतं. जुना बॉक्स निवडून घ्यायचा असेल तर कोल्हापूर किंवा हुबळी, एक दिवस मोडा. लेथ, मिलिंग, रीमिंग उद्यमबागेत किंवा मच्छेकडे. दुकानात "स्टेअरिंगचा रॉड" म्हणू नका, लांब रॉड की आडवा रॉड, आटे उलटे की सुलटे, ते सांगा आणि जुना नग हातात घेऊन जा.

सगळं बसवलं. घाटात कधी नेऊ?

पहिले 100 किलोमीटर 40 च्या आत: एक्सल बदललेली गाडी शेतात किंवा खासगी जागेत, मूळची सॉलिड एक्सलची गावाजवळच. मग सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पेंटने नट आणि आर्मवर एकच रेघ ओढून ठेवा, नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. यू-बोल्ट हमखास ढिले पडतात, कारण नवे पाटे बसतात, आणि ते ढिले असले की एक्सल सरकतो. टो पुन्हा मोजा.

त्यानंतर गाडी ट्रेलरवर टाकून कणकुंबीकडे न्यायची असेल तर जांबोटीला सगळे चहाला थांबतातच. चहा येईपर्यंत बॅटरी घेऊन खाली वाका आणि पेंटच्या रेघा बघा. ट्रेलरच्या हादऱ्यानेही नट सुटलेले मी बघितले आहेत.